वाचक विचारतात: घरबसल्या बिझनेस, शंभर नावांची यादी आणि माळ्यावरची खोकी

मागच्या अंकात पिशव्या शिवणाऱ्या एका बाईंना उत्तर देताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की डायरेक्ट सेलिंगमध्ये, म्हणजे दुकान न घालता ओळखीपाळखीतून कंपनीचा माल विकायच्या कामात, शिरायच्या आधी हिशोबाची एक वही काढा. झालं, त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. आधीच सांगते, या विषयात मी कोरी नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही एका कंपनीचं काम दोन वर्षं केलंय, शाम्पू क्रीम आणि कसल्याशा ज्यूसच्या बाटल्या. आमच्या माळ्यावर त्यातली दोन खोकी अजून आहेत, दर दिवाळीच्या साफसफाईला नवरा ती खाली काढतो, काही बोलत नाही, पुसतो आणि परत वर ठेवतो. तर त्या अनुभवातून लिहितेय, हे धरून वाचा.

प्रश्न: ताई, मी कराडजवळ राहते, मिस्टर एमआयडीसीत आहेत, दोन मुलं शाळेत. आमच्या भिशीतली मैत्रीण सहा महिन्यांपासून एका कंपनीचं काम करते, साबण, भांड्याचं लिक्विड, प्रोटीन पावडर असं सगळं असतं. ती म्हणते जॉइनिंग फी शून्य, फक्त पहिलं पॅकेज १४,५०० चं घ्यायचं की आयडी अॅक्टिव्ह होते, मग खाली दोन जणी लावायच्या, एक उजवीकडे एक डावीकडे, पुढे काम आपोआप चालतं. तिच्या अपलाइन मॅडम, म्हणजे ज्यांच्या खाली ती जॉइन झाली त्या, घरी येऊन प्लॅन दाखवून गेल्या आणि शंभर नावांची यादी करून ठेवायला सांगितलंय. सासूबाईंना शुगर आहे, त्यांना म्हणाल्या ही पावडर तीन महिने घ्या, गोळी सुटेल. कंपनी मोठी आहे, नाव तुम्हीपण ऐकलं असेल, मग खोटं कसं असेल? आणि ताई मला खरंच कमवायचंय हो, दोनशे रुपयांसाठीसुद्धा हात पसरायचा कंटाळा आलाय. करू का?

उत्तर: सगळ्यात आधी सासूबाईंची गोळी. ती बंद करू नका, आज नाही, तीन महिन्यांनी नाही, डॉक्टर सांगेपर्यंत नाही. त्या पावडरचा डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा, न्यूट्रिशन सप्लिमेंट असेल तर त्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं कंपनीनेच छापलेलं असतं, ते छापणं त्यांना बंधनकारक आहे, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याचा, १४ आकडी नंबरपण असायला हवा. म्हणजे डबा सांगतो मी औषध नाही आणि डबा विकणाऱ्या मॅडम सांगतात औषध सुटेल, आता दोघांपैकी कोणाचं ऐकायचं ते तुम्हीच ठरवा. डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. हे एवढ्यासाठी लिहिलं की उद्या तुम्ही जॉइन झालात तर हेच वाक्य तुम्हाला पाठ करायला लावतील, आणि शेजारच्या काकूंची शुगर वाढली की त्यांचा मुलगा तुमच्या दारात येईल, कंपनीच्या नाही.

आता पॅकेज. जॉइनिंग फी शून्य पण १४,५०० चा माल घ्या, याला आमच्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ ला डायरेक्ट सेलिंगचे नियम काढले, ग्राहक संरक्षण कायद्याखाली, त्यात कंपनीला एन्ट्री फी किंवा रजिस्ट्रेशन फी घेता येत नाही असं आहे, आणि माणूस जोडल्याबद्दल पैसे देणाऱ्या पिरॅमिड स्कीमला तर सरळ बंदी आहे. म्हणून आता फीला फी म्हणत नाहीत, 'पहिली खरेदी' म्हणतात. त्या मैत्रिणीला एकच विचारा, मी एक साबण आणि एक लिक्विड घेऊन, म्हणजे चारशे रुपयांत, सुरू केलं तर चालेल का? खरी विकणारी कंपनी असेल तर हो म्हणतील. 'चालेल पण मग तुझा इन्कम सुरू नाही होणार' असं उत्तर आलं तर समजा की तिथे साबण विकत नाहीत, आयडी विकतात.

आणि ते उजवी डावी. ऐकायला फार सोपं वाटतं, दोनच तर लावायच्यात. पण दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा असं मुलांच्या पाटीवर लिहून बघा, दहाव्या पायरीवर १,०२४ बायका लागतात, विसाव्या पायरीवर १० लाख ४८ हजार आणि सत्ताविसाव्या पायरीवर १३ कोटी ४२ लाख, २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, तान्ह्या बाळांसकट. पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. असं झाड कुठेही थांबवा, पाचव्या पायरीवर थांबवा की पंधराव्या, सगळ्यात खालच्या ओळीत एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त असतात आणि त्यांच्याखाली कोणीच नसतं. आळशी असतात म्हणून नाही, गणितच तसं आहे. प्लॅन दाखवताना वहीवर नेहमी तुमचं नाव वरच्या गोलात लिहितात ना, मॅडमना सांगा की एकदा खालच्या ओळीतल्या गोलात लिहून दाखवा.

'कंपनी मोठी आहे' याबद्दल. अॅमवे ही या धंद्यातली सगळ्यात ओळखीची कंपनी, १९५९ मध्ये अमेरिकेत मिशिगनला सुरू झाली, भारतात १९९८ ला आली, तिच्या भारतातल्या प्रमुखाला २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी अटक केली होती, आणि एप्रिल २०२२ मध्ये ईडीने तिची सुमारे ७५७ कोटींची मालमत्ता जप्त केली. ईडीचं म्हणणं असं की माल बाजारापेक्षा फार महाग आणि सगळा भर मेंबर जोडण्यावर, कंपनीचं म्हणणं असं की आम्ही कायदा पाळतो आणि तपासाला सहकार्य करतोय. कोण खरं ते कोर्ट बघेल. मुद्दा एवढाच की नाव मोठं असलं म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत असं काही नसतं.

मग करूच नको का? असं मी म्हणणार नाही, कारण तुमच्या पत्रातली शेवटची ओळ माझ्या डोक्यातून जात नाहीये. या कामात चांगलंपण आहे आणि ते मी स्वतः घेतलंय. दुकानाचं भाडं नाही, मुलं शाळेत गेल्यावर अकरा ते तीन करता येतं, शिक्षण कोणी विचारत नाही, आणि अनोळखी माणसासमोर उभं राहून बोलायची जी सवय लागते ती पुढे कुठेही कामाला येते. मी आज हा कॉलम लिहितेय त्याचं थोडं श्रेय त्या शाम्पूला आहे, खोटं कशाला बोलू. पण हे सगळे फायदे *विकण्याचे* आहेत, माणसं लावण्याचे नाहीत. विकून बघायचंय तर बघा, असं करा:

ती शंभर नावांची यादी खरंच करा. मग प्रत्येक नावापुढे लिहा, हीच वस्तू याच किमतीला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवली असती आणि मी विकत नसते, तर हिने घेतली असती का? मी हे फार उशिरा केलं, जवळजवळ सोडायच्या वेळेला, आणि माझ्या यादीत सात नावं उरली. बाकीच्यांनी माझ्याकडे बघून घेतलं होतं. पहिल्यांदा घेतात हो सगळे, नणंद घेते, मुलाच्या बाई घेतात, खालच्या मजल्यावरच्या आजी घेतात, दुसऱ्या महिन्यात त्यांचा फोन लागत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे उलटं होतं, समोरची भिडेखातर घेते आणि भिकेला लागतो आपला घरोबा. माझी एक मावसबहीण अजून हळदीकुंकवाला बोलावताना हसत हसत म्हणते, 'पिशवी घरी ठेवून ये गं.'

शिवाय किमतीचं. 'एका लिटरचं दहा लिटर होतं, म्हणून स्वस्त पडतं' हे वाक्य तुम्हाला ऐकवलंच असेल. काही लिक्विडं खरंच घट्ट असतात, नाही असं नाही, पण ते तपासायचं कसं तर बाटलीवर तारीख टाका आणि एक महिना वापरा, शेजारी तुमचं नेहमीचं दुकानातलं, तेही तारीख टाकून. महिन्याला किती रुपयांचं संपलं ते वहीत. आपण घरात पाणी मापून घालतच नाही, हातानेच अंदाजे ओततो, त्यामुळे दहा लिटर कधी होत नाही. माझं सहा-सात लिटरवर अडायचं.

आणि तिकडे १४,५०० घालायचेच असतील तर एक मिनिट हाही विचार करा की तेवढ्यात चटण्या, मेतकूट, थालीपिठाची भाजणी असं काही सुरू होतं का. तिथे किंमत तुम्ही ठरवता, मार्जिन तुमचं, वर कोणी अपलाइन नाही, आणि बचत गटातून केलंत तर सरस सारख्या बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉलपण मिळू शकतो. कष्ट मात्र जास्त आहेत, भाजणी भाजताना हात दुखतो, हे लपवत नाही.

प्रश्न: नाशिकहून लिहितोय. माझी मिसेस दीड वर्षापासून एका वेलनेस कंपनीत आहे. घरात बेडखाली, गॅलरीत, देवघराच्या बाजूला सगळीकडे खोकी. दर महिन्याला आयडी चालू ठेवायला ५,००० चा माल घ्यावा लागतो, गेल्या महिन्यात कमिशन आलं २,१४०. बचत गटाचं ४०,००० लोन काढलंय ते मला आत्ता कळलं. मी काही बोललो की म्हणते तुम्ही निगेटिव्ह आहात, लीडरने सांगितलंय निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा. डोकं फिरलंय तिचं. यातून बाहेर कसं काढू आणि माल परत होतो का?

उत्तर: दादा, 'डोकं फिरलंय' हे आधी मागे घ्या. तिचं डोकं फिरलेलं नाही, दीड वर्ष ती एकटी एक दुकान चालवतेय ज्याचा हिशोब तिला कोणी शिकवला नाही, उलट हिशोब मागणारा प्रत्येक जण निगेटिव्ह असतो एवढंच शिकवलं. आणि एक सांगू का, त्या मीटिंगमध्ये तिच्यासाठी टाळ्या वाजतात. स्टेजवर नाव घेऊन बोलावतात, सॅश घालतात, फोटो काढतात. घरात शेवटची टाळी कधी वाजवली होती आठवतंय का? मी सोडताना मला पैशाचं तेवढं वाईट वाटलं नव्हतं जेवढं त्या शनिवारच्या मीटिंगचं वाटलं होतं.

म्हणून भांडू नका, हिशोबाला बसा, आणि तिच्या बाजूने बसा. एका पानावर फक्त तीन रकाने. पहिला, कंपनीत नसलेल्या माणसाने पूर्ण किंमत देऊन घेतलं असं किती, आणि त्यातला तुमचा फरक किती. दुसरा, खालच्या आयड्यांमुळे आलेलं कमिशन. तिसरा, गेलेले पैसे, आणि इथे काही सोडायचं नाही, महिन्याची ५,००० ची खरेदी, सेमिनारचं तिकीट, त्या दिवशीची रिक्षा आणि हॉटेल, फुकट वाटलेले सॅम्पल, मीटिंगचा चहा, लोनचा हप्ता. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच एका महिन्यात ५,००० गेले आणि २,१४० आले, म्हणजे २,८६० ची पदरमोड, त्यातला घरात खरंच वापरलेला माल वजा करा हवं तर, पण दुकानातल्या भावाने करा, कंपनीच्या छापील भावाने नाही. हे पान तिनेच भरायला हवं. तुम्ही भरलंत तर ते तुमचं मत होईल, तिने भरलं तर हिशोब होईल.

तो पहिला रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत हर्बलाइफ कंपनीला २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना २० कोटी डॉलर भरावे लागले, आणि पुढे कमिशन द्यायचं तर माल खऱ्या ग्राहकाच्या हातात गेला याचा पुरावा दाखवा अशी अट घातली गेली. म्हणजे त्यांनीपण शेवटी हाच रकाना मागितला, की डाउनलाइनने, म्हणजे खाली लावलेल्या माणसांनी, आयडी चालू ठेवायला घेतलेला माल सोडून बाहेरचा कोण घेतोय.

माल परत होण्याचं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे कंपनीला विक्रेत्याबरोबर लेखी करार करावा लागतो, त्यात जॉइन झाल्यावर विचार बदलला तर बाहेर पडायची मुदत असते, तिला कूलिंग ऑफ म्हणतात, आणि विकण्यालायक माल परत घ्यायची म्हणजे बायबॅकची सोयही असते. दीड वर्ष झालंय त्यामुळे कूलिंग ऑफ संपलं असणार, बायबॅक बघा. किती दिवसांच्या आतला माल आणि कुठल्या अटींवर ते करारातच असतं, अॅपवर 'आय अॅग्री' दाबून तो करार केलेला असतो आणि कोणी वाचलेला नसतो, तर तो डाऊनलोड करून घ्या. मग खोकी बाहेर काढून तीन ढीग करा, सील न फोडलेला आणि एक्सपायरी लांब असलेला, सील न फोडलेला पण एक्सपायरी जवळ आलेली, आणि फोडलेला. पहिला ढीग परत करायचा प्रयत्न करायचा, दुसरा कमी भावाने विकून टाकायचा किंवा स्वतः वापरायचा, तिसऱ्याची आशा सोडायची. परतीची मागणी ईमेलने करा, बिलं जोडून. अपलाइनला सांगून काही होत नाही, तुमचा माल परत गेला की तिचेपण पॉइंट कापले जातात, मग ती कशाला मदत करेल. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रारी बघणाऱ्या ग्रीव्हन्स ऑफिसरचं नाव आणि ईमेल असणं बंधनकारक आहे, त्याने कामकाजाच्या ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असा नियम आहे.

इथे एक खोच आहे जी सहसा कोणी सांगत नाही. ग्राहक कायद्यात, पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा माणूस 'ग्राहक' धरला जात नाही. म्हणजे तुमच्या मिसेसकडून ज्यांनी घेतलं ते ग्राहक आयोगात जाऊ शकतात, ५ लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फीसुद्धा लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण तुमची मिसेस गेली तर कंपनीचा वकील पहिलं हेच म्हणणार की या तर विक्रेत्या आहेत. म्हणून तुमच्यासाठी करार आणि ईमेल हाच आधार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून विचारून घ्या, विचारायला पैसे पडत नाहीत.

लोनचं मात्र आजच गटाच्या अध्यक्षांशी बोला, त्यात बाकीच्या बायकांचे पैसे आहेत. आणि या महिन्याच्या क्लोजिंगला, म्हणजे महिनाअखेरच्या हिशोबाला, ५,००० ची खरेदी करू नका. 'रँक जाईल' म्हणतील. जाऊ दे.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी लातूर जिल्ह्यातला, इंजिनिअरिंग झालंय. कॉलेजच्या मित्राने फोन करून सांगितलं पुण्यात एक्स्पोर्ट कंपनीत जॉब आहे, २५ हजार पगार, लगेच ये. आलो तर एका फ्लॅटमध्ये पंधरा-वीस पोरं, रोज सकाळी टाय घालून क्लास, मोबाइलवर कोणाशी काय बोलायचं तेपण ते सांगतात. ४५,००० भरायला लावले, त्याचं एक घड्याळ आणि हॉलिडेचं कूपन मिळालं. आता म्हणतात तू पण दोन मित्र आण म्हणजे पैसे सुटतील. घरी सांगितलंय ट्रेनिंग चालूय. वडिलांनी सोयाबीनचे पैसे दिले होते. काय करू?

उत्तर: बाळा, आधी तिथून निघ. सामान राहिलं तर राहू दे. कोणी अडवलं, मोबाइल काढून घेतला तर ११२ ला फोन लाव. एसटीत बसल्यावर वडिलांना फोन कर, घरी पोचायच्या आधी, आणि 'ट्रेनिंग खोटं होतं, मला फसवलं' एवढंच सांग. ओरडतील. पण ते ओरडणं त्यांना आणखी वर्षभर खोटं सांगण्यापेक्षा स्वस्त आहे.

हे डायरेक्ट सेलिंग नाहीच. नोकरी सांगून बोलावलं, पैसे घेतले, घड्याळ फक्त बिल दाखवायला दिलं. डायरेक्ट सेलिंगच्या नियमात तर समोरच्या माणसाला सुरुवातीलाच मी कोण, कुठल्या कंपनीचा, कशासाठी आलोय हे खरं सांगायचं असं लिहिलंय, आणि तुझ्या मित्राने नेमकं तेच लपवलं.

आता जे सांगते ते नीट वाच. दोन मित्र आणू नकोस. मला माहितीये तुझ्या डोक्यात काय चाललंय, की फक्त दोनच, आपले ४५,००० सुटले की आपणपण बाहेर आणि त्यांनापण बाहेर काढू. तुझ्या मित्रानेही तुला फोन करताना हेच ठरवलं असेल. १९७८ चा एक कायदा आहे, मनी सर्क्युलेशन स्कीम बंदीचा, त्यात फक्त स्कीम चालवणारा नाही तर माणसं त्यात ओढणारापण येतो, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आत्ता या क्षणाला तू फसवला गेलेला मुलगा आहेस. एक फोन केलास की फसवणारापण होशील.

पुरावा गोळा कर, पैसे कसे दिले त्याचे यूपीआयचे स्क्रीनशॉट, मित्राचे मेसेज ज्यात जॉब असा शब्द आहे, कूपन, बिल, फ्लॅटचा पत्ता. ऑनलाइन पैसे दिले असतील तर १९३० ला लगेच कळव, जितक्या लवकर तितकं बरं, आणि जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दे, पोच घे. सोबत आणखी दोघं-तिघं मिळाले तर एकत्र जा, एकट्याला 'बघू, नंतर या' म्हणतात. पैसे मिळतीलच असं मी सांगत नाही. २०१०-११ मध्ये स्पीक एशिया नावाने ११,००० भरा आणि घरबसल्या ऑनलाइन सर्व्हे भरा असं निघालं होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानासमोर लोक रडत उभे होते, खडे घ्या आणि दर आठवड्याला व्याज घ्या, ओळखीचे आणा आणखी घ्या. वस्तू प्रत्येक वेळी वेगळी, कधी सर्व्हे, कधी खडा, कधी घड्याळ. तू पहिला नाहीस आणि मूर्खही नाहीस, तुला नोकरी हवी होती एवढंच.

पत्र: तुमच्या मागच्या अंकातलं वाक्य वाचून वाईट वाटलं. मी कोल्हापूरची, पंचवीस वर्षं प्लास्टिकचे डबे विकतेय. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. माझ्या मुलीची फार्मसीची फी याच डब्यांनी भरलीय. मी आजवर कोणाला खोटं बोलून डबा दिला नाही, झाकण सैल झालं तर स्वतः जाऊन बदलून देते.

उत्तर: काकू, माफ करा, आणि खरंच सांगते तुमचं पत्र मला सगळ्यात जास्त आवडलं. तुम्ही ज्या पद्धतीने विकता तिचीच तर मुळात सुरुवात होती. टपरवेअरचे डबे १९४६ मध्ये अमेरिकेत बाजारात आले तेव्हा दुकानात पडून राहायचे, कारण ते झाकण दाबून हवा कशी काढायची हेच लोकांना कळेना. मग ब्राउनी वाइझ नावाच्या एका बाईने घरी बायका जमवून, डबा भरून, उलटा करून, फेकून दाखवायला सुरुवात केली. तो खप बघून कंपनीने १९५१ मध्ये दुकानातून माल काढूनच घेतला आणि फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायला लागली. म्हणजे ज्या वस्तूला हातात घेऊन दाखवावं लागतं तिला ही पद्धत शोभते. (त्या ब्राउनीबाईंना १९५८ मध्ये कंपनीने काढून टाकलं, वर्षाचा पगार हातात ठेवून. शेअर एकही नव्हता. हे मी आमच्या लीडर मॅडमना तेव्हा सांगायला हवं होतं, पण मला तेव्हा माहीत नव्हतं.) आपल्याकडे ते डबे १९९६ ला आले, भिशी आणि किटीमध्ये पटकन रुजले. पुढे मूळ अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा बऱ्याच काकूंचे मला फोन आले होते की आता झाकणं कोण बदलून देणार.

तुमचं चाललं कारण तुमच्या गिऱ्हाइकांना डबा हवा होता. त्यातल्या किती जणी तुमच्या खाली आयडी लावून बसल्यात? मला वाटतं फार नाही. तुमच्याकडे तो पहिला रकाना भरलेला आहे, बाकीच्यांकडे दुसराच भरलेला असतो. एकच विनंती, ओळखपत्र जवळ ठेवत जा आणि फोन करून मग घरी जात जा, नियमातही आता तसंच आहे. तुम्ही तसं करतच असाल म्हणा, पंचवीस वर्षं उगाच कोणी दार उघडत नाही.

प्रश्न: ठाण्याहून. मला वर्षाला साधारण ६०,००० कमिशन येतं, शिवाय यंदा कंपनीने टार्गेटवर थायलंडची ट्रिप दिली. यावर टॅक्स असतो का? मैत्रीण म्हणते गिफ्ट आहे, गिफ्टला नसतो.

उत्तर: असतो हो. कमिशन हा धंद्याचा इन्कम आहे, वर्षाला २०,००० च्या वर गेलं की कंपनी टीडीएस कापते, ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के, पॅन दिला नसेल तर २० टक्के. तुमचा एकूण इन्कम टॅक्सच्या मर्यादेच्या खाली असेल तर रिटर्न भरून कापलेले परत मागता येतात, कित्येक जणी भरतच नाहीत आणि ते पैसे तसेच राहतात. तुमचा धंद्यासाठीचा प्रवास, फोन, सॅम्पल हा खर्च वजा होतो, म्हणून बिलं ठेवा. आणि ट्रिप ही गिफ्ट नाही, कारण गिफ्ट टार्गेटवर मिळत नसते. धंद्यातून मिळालेली अशी सोय वर्षाला २०,००० च्या वर असेल तर जुलै २०२२ पासून त्यावरही १० टक्के टीडीएस आहे, तो कंपनीने भरला असेल तर तुमच्या पॅनवर दिसेल. रिटर्न भरायच्या आधी पोर्टलवर जाऊन बघा, आणि ट्रिपची किंमत कंपनीने किती धरलीय तेपण बघा, आपण चार दिवसांत जे खाल्लंप्यालं त्याच्या मानाने तो आकडा बराच मोठा निघतो.